मोफत सर्व्हर बंद पडतो तेव्हा

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असे आपल्याकडे म्हणतात. देणाऱ्याचे मन दुखवू नये, हा त्या म्हणीतील सौजन्याचा भाग झाला. परंतु ज्या गाईच्या दुधावर घर चालवावयाचे ठरले, तिचे दात, वय आणि वेत यांची चौकशी घरधन्याने केलीच पाहिजे. संगणकाच्या जगात मोठमोठ्या कंपन्या आज जे ‘मोफत’ सर्व्हर देतात, त्यांच्या बाबतीत ही चौकशी बहुधा फार उशिरा होते. सर्व्हर सुरू असतो तोवर कोणी नियम वाचीत नाही आणि तो एके दिवशी बंद पडला की नियम वाचावयास वेळ उरत नाही. असा बंद पडलेला सर्व्हर पुन्हा कसा उभा करावा आणि मुळात तो बंद का पडतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम आभासी सर्व्हर ही वस्तू काय आहे, ते स्पष्ट झाले पाहिजे. एखाद्या मोठ्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे राहतात. वाडा एकच, पाया एकच, विहीर एकच. पण प्रत्येक बिऱ्हाडाचे दार निराळे आणि कुलूपही निराळे. त्याचप्रमाणे एका बलाढ्य संगणकाचे, एका विशिष्ट कार्यक्रमाच्या साहाय्याने, अनेक स्वतंत्र संगणक भासतील असे भाग पाडता येतात. ही कल्पना आजची नव्हे. अमेरिकेतील केंब्रिज येथील आयबीएम कंपनीच्या केंद्रात सीपी-४० नावाची अशी प्रणाली १९६७ साली वापरात आली होती आणि १९७२ साली त्या कंपनीने ती कल्पना व्हीएम-३७० या नावाने सर्व ग्राहकांपुढे ठेवली. पुढे २००६ साली ॲमेझॉन कंपनीने असे भाग तासांच्या हिशेबाने भाड्याने देण्यास आरंभ केला, आणि ज्याला आज ‘क्लाउड’ म्हणतात त्या व्यवसायाला बाजारात जागा मिळाली. नाव ढगाचे असले तरी वस्तू जमिनीवरचीच आहे. कोठेतरी एक इमारत असते, तीत यंत्रे असतात आणि त्यांचे विजेचे बिल कोणीतरी भरीत असतो. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे सारे नियम समजावयास सोपे जातात.

या व्यवसायात मोफत वाटा ठेवणाऱ्या अनेक कंपन्या आहेत. त्यांपैकी ओरॅकल कंपनीची ‘ऑल्वेज फ्री’ योजना उदाहरणासाठी घेऊ. कारण ती उदार आहे, म्हणून लोकप्रिय आहे. आणि सर्व्हर ‘डिसेबल्ड’ होण्याचा प्रकार तिच्यात वारंवार चर्चिला जातो. ही योजना २०१९ च्या सप्टेंबरात जाहीर झाली. आरंभी तीत एएमडी जातीचे दोन छोटे सर्व्हर, प्रत्येकी एक गिगाबाइट स्मरणशक्तीचे, मिळत असत. २०२१ साली तीत ॲम्पिअर नावाच्या आर्म जातीच्या यंत्रांची भर पडली. त्या वेळी ठरविलेले माप असे होते : महिन्याला ३,००० गाभा-तास आणि १८,००० गिगाबाइट-तास. एकतीस दिवसांच्या महिन्यात ७४४ तास असतात. चार गाभ्यांचा सर्व्हर महिनाभर अखंड चालविला तर २,९७६ गाभा-तास होतात आणि चोवीस गिगाबाइट स्मरणाचे १७,८५६ गिगाबाइट-तास होतात. म्हणजे चार गाभे व चोवीस गिगाबाइट एवढे यंत्र त्या मापात बरोबर बसत असे. मात्र ही मापे कंपनीच्या मर्जीची आहेत. ती बदलता येतात. म्हणून प्रत्यक्ष काम करताना त्या दिवशीचा तक्ता पाहूनच आकडा घ्यावा.

आता या योजनेची खरी मेख कोठे आहे, ते पाहू. नवे खाते उघडणाऱ्यास प्रथम तीस दिवसांची परीक्षणाची मुदत आणि ३०० डॉलरची जमा मिळते. या दोहोंपैकी जे आधी संपेल, तेथे परीक्षण संपते. या काळात मोफत मर्यादेपलीकडची यंत्रेही उभी करता येतात आणि त्यांचा खर्च त्या जमेतून वळता होतो. त्यामुळे वापरणाऱ्यास मर्यादा कोठे संपली, याची जाणीवच होत नाही. मुदत संपताच हिशेब होतो. आर्म जातीच्या सर्व सर्व्हरांची बेरीज मोफत मापापेक्षा अधिक भरली, तर त्या खात्यातील त्या जातीचे सर्वच सर्व्हर बंद केले जातात. फक्त जास्तीचा तेवढा बंद केला जात नाही. खाते सशुल्क केले नाही, तर पुढे तीस दिवसांनी ते काढून टाकले जातात.

समजा, हैद्राबादेतील एखाद्या लहानशा मराठी मंडळाने आपल्या ग्रंथालयाची सूची अशा सर्व्हरवर ठेवली आहे. चार-पाच हजार पुस्तकांच्या नोंदी, अर्धशतकापूर्वीच्या हस्तलिखित अंकांची छायाचित्रे आणि देणगीदारांची यादी एवढा ऐवज तीवर आहे. मंडळाच्या तरुण कार्यकर्त्याने चार गाभ्यांचा एक सर्व्हर सूचीसाठी केला आणि हात बसावा म्हणून एका गाभ्याचा व सहा गिगाबाइटांचा दुसरा. पहिला मापात आहे आणि दुसराही मापात आहे. बेरीज मात्र पाच गाभे आणि तीस गिगाबाइट झाली. एकतिसाव्या दिवशी दोन्ही बंद. तो तरुण धावत चिटणीसबाईंकडे येतो आणि म्हणतो, “बाई, सगळं गेलं म्हणायचं का?” बाई अनुभवी असतील तर म्हणतील, “अरे, गेलं म्हणण्याआधी काय शिल्लक आहे ते तर बघ.” या एका वाक्यात दुरुस्तीचे सारे शास्त्र आले आहे.

दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे निदान. सर्व्हर ‘चालत नाही’ हे वाक्य तीन निरनिराळ्या व्याधींना लावले जाते. पहिली व्याधी अशी की, यंत्र चालू आहे, पण त्याकडे जाणारी वाट बंद आहे. कंपनीच्या कन्सोलवर ‘रनिंग’ असे दिसत असूनही संकेतस्थळ उघडत नसेल, तर दोष बहुधा फायरवॉलचा असतो. ओरॅकलच्या उबुंटू प्रतीत तर दोन दरवाजे असतात : एक कंपनीच्या जाळ्याचा आणि दुसरा खुद्द लिनक्सच्या आतला. बाहेरचा उघडला तरी आतला बंद राहतो आणि माणूस तासन् तास बाहेरच्याच कडीशी झटत बसतो. तबकडी काठोकाठ भरली असली तरी असाच अनुभव येतो. दुसरी व्याधी म्हणजे यंत्र नुसते थांबलेले असते. तेथे सुरू करण्याचे बटण दाबून पाहावे. चालू झाले तर प्रश्न मिटला. तिसरी व्याधी म्हणजे ‘डिसेबल्ड’. येथे बटण दाबून काही होत नाही, कारण यंत्राची परवानगीच काढून घेतलेली असते. या तिन्हींचे उपचार भिन्न आहेत. पहिल्या व्याधीला तिसरीचा उपचार केला, तर धडधाकट यंत्र आपल्याच हातांनी मोडल्यासारखे होईल.

व्याधी तिसरी आहे असे ठरल्यावर एक गोष्ट मनाशी पक्की धरावी : यंत्र आणि तबकडी या दोन वस्तू आहेत. घरातील संगणकात त्या एका पेटीत असल्याने त्यांचा भेद जाणवत नाही. क्लाउडमध्ये मात्र गाभे आणि स्मरण हा एक भाग, आणि ज्यावर कार्यप्रणाली, सूची, छायाचित्रे व सारे लेखन असते ते ‘बूट व्हॉल्यूम’ हा दुसरा भाग. परवानगी गेली आहे ती पहिल्या भागाची. दुसरा भाग जागच्या जागी असतो. बिऱ्हाडाला जागा सोडावी लागली, पण पेट्या आणि भांडी अजून कोठीत सुरक्षित आहेत, अशी ही स्थिती आहे. काम एवढेच की जुनी जागा रीतसर सोडावी, लहानशी नवी जागा घ्यावी आणि पेट्या तेथे हलवाव्यात.

हे काम क्रमाने करावयाचे असते. आधी यंत्राचा तपशील कागदावर उतरून घ्यावा : कोणत्या जाळ्यात व उपजाळ्यात ते होते, सार्वजनिक आयपी पत्ता कोणता होता, आणखी एखादी तबकडी जोडलेली होती काय, आणि बूट व्हॉल्यूमचे नाव काय. यंत्र काढून टाकल्यावर हा तपशील शोधणे त्रासाचे होते. त्यानंतर त्या बूट व्हॉल्यूमची बॅकअप प्रत घ्यावी. मोफत योजनेत अशा पाच प्रती ठेवण्याची मुभा आहे. जुन्या प्रतींनी ती भरली असेल तर सर्वांत जुनी काढून जागा करावी.

मग येते सर्वांत नाजूक पायरी. बंद केलेले यंत्र आता ‘टर्मिनेट’ करावयाचे, म्हणजे कायमचे काढून टाकावयाचे. हे करताना कन्सोल विचारतो की, जोडलेले बूट व्हॉल्यूमही कायमचे नष्ट करावयाचे काय. त्या चौकटीत खूण असता कामा नये. साऱ्या प्रक्रियेत परत न फिरविता येणारी चूक होण्याची जागा हीच आहे. घाईत ‘होय, होय’ करीत पुढे जाणाऱ्याची वर्षांची मेहनत येथे एका क्षणात जाते. खूण नाही याची दोनदा खात्री करावी, शक्य तर दुसऱ्या माणसाला शेजारी बसवून पाहावयास सांगावे, आणि मगच पुढे जावे. मंडळाच्या उदाहरणातील सरावाचा दुसरा सर्व्हर तर तबकडीसह काढून टाकण्यास हरकत नाही, कारण तीत राखण्यासारखे काही नाही. पण तो निर्णयही नावे नीट वाचूनच घ्यावा. दोन सर्व्हरांची नावे सारखी ठेवण्याची सवय येथे फार महाग पडते.

यंत्र गेल्यावर बूट व्हॉल्यूमांच्या यादीत राखलेली तबकडी दिसते का, ते पाहावे. तिच्यापासूनच नवे यंत्र उभारण्याची सोय तेथे असते. जात पूर्वीचीच, म्हणजे आर्म, निवडावी. आर्मची तबकडी एएमडीच्या यंत्रावर सुरू होत नाही, कारण दोन्ही गाभ्यांची आज्ञांची भाषाच वेगळी आहे. आकार मोफत मापाच्या आत असावा, आणि मापाला टेकलेला नसेल तर अधिक बरे. सूचीसारख्या कामाला दोन गाभे आणि बारा गिगाबाइट पुष्कळ होतात. पूर्वीचेच उपजाळे निवडले म्हणजे बाहेरच्या दरवाजाचे नियम पुन्हा लिहावे लागत नाहीत. सार्वजनिक पत्ता देण्याची खूण करावी. जुनी किल्ली तबकडीवर नोंदलेली असतेच. तीच किल्ली नव्या यंत्राचे दार उघडते.

येथे एक अडथळा हमखास संभवतो. त्या केंद्रात त्या जातीची यंत्रे शिल्लक नाहीत, असा निरोप येतो. मोफत वाटा हा पंगतीतील शेवटच्या पाटासारखा असतो. भरणाऱ्यांची पंगत आधी बसते. खाते उघडताना जे केंद्र निवडले, ते पुढे बदलता येत नाही आणि मोफत यंत्रे त्याच केंद्रात मिळतात. भारतात या कंपनीची केंद्रे मुंबई आणि हैद्राबाद येथे आहेत; मुंबईचे २०१९ साली सुरू झाले आणि हैद्राबादचे २०२० साली. अशा वेळी दोन उपाय आहेत. आकार आणखी लहान करून निरनिराळ्या वेळी प्रयत्न करीत राहावे, हा पहिला. दरम्यान ऐवज अडकून पडू नये म्हणून दुसरा उपाय करावा. एएमडी जातीचा छोटा मोफत सर्व्हर उभा करावा आणि राखलेली तबकडी त्याला दुय्यम म्हणून जोडावी. सुरू होण्यासाठी ती तेथे चालणार नाही, पण वाचण्यासाठी चालेल. कागदपत्रे वाचावयास गाभ्याची भाषा आड येत नाही. केवळ वाचनासाठी ती आरोहित करून सूची आणि छायाचित्रे घरच्या संगणकावर उतरवून घेता येतात. तेवढे झाले की बाई आणि तो तरुण दोघेही निश्चिंत झोपू शकतात. यंत्र आठ दिवसांनी मिळाले तरी चालेल. जागेचा हिशेब मात्र ठेवावा. मोफत साठा एकूण २०० गिगाबाइटांचा असतो आणि प्रत्येक यंत्राचे बूट व्हॉल्यूम सहसा सुमारे ४७ गिगाबाइटांचे. अशी चार झाली की १८८ भरतात आणि पाचव्याला जागा राहत नाही.

नवे यंत्र सुरू झाले म्हणजे काम संपले, असे समजू नये. पूर्वीचा पत्ता राखून ठेवलेला नसेल तर नवा पत्ता मिळतो, आणि संकेतस्थळाचे नाव अजून जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवीत असते. नावाच्या नोंदीत तो बदलून घ्यावा. जोडण्यासाठी गेल्यास यंत्राची ओळख बदलल्याची सूचना येऊ शकते; यंत्र खरोखर नवे असल्याने तीत नवल नाही. एक सापळा विशेष सांगण्याजोगा आहे. पूर्वी दुसरी तबकडी जोडलेली असेल, तर सुरुवातीलाच ती शोधण्याची आज्ञा ‘एफएसटॅब’ या धारिकेत लिहिलेली असते. तबकडी न सापडल्यास यंत्र तेथेच अडून राहते आणि बाहेरून पाहणाऱ्यास ते मेलेले वाटते. त्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द आधीच घातलेला असला म्हणजे यंत्र तबकडीविनाही पुढे जाते. तसेच स्मरण कमी केले असल्यास, पूर्वीच्या मोठ्या स्मरणाचा हिशेब धरून मांडलेली डेटाबेसची मापे कमी करावी लागतात. नाहीतर यंत्र उठते, पण सूची उठत नाही.

परीक्षणाची मुदत संपणे हे बंद पडण्याचे एकमेव कारण नाही. निष्क्रिय मोफत यंत्रे परत घेण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवला आहे. सात दिवसांच्या अवधीत गाभ्याचा, जाळ्याचा आणि आर्म यंत्राच्या बाबतीत स्मरणाचाही वापर वीस टक्क्यांच्या खाली राहिला, तर ते यंत्र निष्क्रिय मानले जाते. लहान मंडळाचे काम तसे असणे अगदी स्वाभाविक आहे. दिवसातून पाच वाचक सूची पाहतील. उरलेला वेळ यंत्र रिकामेच. यावर काहीजण एक युक्ती करतात. यंत्राला निरर्थक गणिते करावयास लावतात, म्हणजे ते कामात असल्याचा देखावा होतो. ही युक्ती शिकवू नये आणि शिकूही नये. रिकाम्या जात्यात खडे घालून घरघर ऐकविण्याचा हा प्रकार आहे. वीज खरोखर जळते आणि पंक्तीतील दुसऱ्या गरजूचा पाट अडतो. सरळ मार्ग उपलब्ध आहे. खाते वापराप्रमाणे पैसे भरण्याच्या वर्गात नेले असता, वापर मोफत मापातच राहिल्यास आकारणी होत नाही आणि निष्क्रियतेचा नियमही लागू राहत नाही. त्यात धोका एवढाच की माप ओलांडल्यास बिल येते. त्यासाठी खर्चाची मर्यादा लिहून सूचना मागविण्याची सोय आहे. ती सूचना फक्त सावध करते, खर्च थांबवीत नाही, हे विसरू नये.

या साऱ्याहून हिताची गोष्ट म्हणजे बंद पडण्यापूर्वीची तयारी. परीक्षणाच्या पंचविसाव्या दिवशी सर्व यंत्रांची बेरीज करावी आणि ती अधिक भरल्यास मुदतीच्या आतच एखाद्याचा आकार उतरवावा. त्यासाठी यंत्र एकदा थांबून पुन्हा सुरू होते, याहून अधिक काही गमवावे लागत नाही. खात्यास दिलेल्या टपाल-पत्त्यावर कंपनीच्या सूचना येतात. तो पत्ता मंडळ सोडून गेलेल्या कार्यकर्त्याचा नसावा. संस्थेची किल्ली, परवलीचे शब्द आणि खात्याचा तपशील किमान दोघांपाशी असावा. आणि सूचीची एक प्रत दर आठवड्यास क्लाउडच्या बाहेर, मंडळाच्या कपाटातील तबकडीवर, उतरवावी. मंडळे तरुणांच्या उत्साहावर चालतात. तो तरुण उद्या नोकरीनिमित्त परगावी गेला म्हणजे किल्लीही त्याच्याबरोबर जाते, आणि मग दोष ना कंपनीचा असतो ना त्याचा.

महाराष्ट्राबाहेर दूरवर वसलेल्या मराठी समाजाने आपली ग्रंथालये, नाट्यमंडळे आणि वार्षिकांक पदरमोड करून जपले आहेत. त्यांच्या नोंदी आता यंत्रावर जात आहेत, हे योग्यच आहे. कागदाला वाळवी लागते. परंतु वाळवीपासून सुटलेला ऐवज एखाद्या न वाचलेल्या अटीने जावा, हे शोचनीय होईल. मोफत सर्व्हर अवश्य घ्यावा आणि कृतज्ञतेने वापरावा. मात्र तो धर्मशाळेतील खोली आहे, हे जाणून वापरावा. धर्मशाळेत उतरणारा शहाणा प्रवासी मुक्कामाचे नियम पहिल्या रात्रीच विचारून घेतो आणि आपली वळकटी बांधता येईल अशीच सोडतो.